हर्णैला घर ठरवताना नागपूरकरांनी काय विचारावं

आपल्याकडच्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात, म्हणून पहिल्या खेपेला आम्ही सुट्टीत दापोलीजवळच्या हर्णै बंदराला गेलो ते जूनच्या दुसऱ्या आठवड्यात. बंदरात चिटपाखरू नाही! १ जून ते ३१ जुलै समुद्रातली यांत्रिकी मासेमारी बंद असते, हे नागपूरच्या मनीषनगरात बसून कोणाला सुचणार, बाप्पा? होड्या ओढून वर ठेवलेल्या. तेव्हा दिवाळीनंतर जा, फार तर मेपर्यंत.

दुसऱ्या खेपेला 'बंदराजवळ' या शब्दाला भुललो. खिडकी उघडली की सुकटीचा वास थेट आत. सासूबाई माळकरी, तीन दिवस नाकाला पदर लावून बसल्या. आता आम्ही जवळच्या पाळंदे-मुरूड गावांकडेच घर पाहतो आणि बंदरावर गाडीने जातो.

फोनवर घरमालक "कूलर आहे नं" म्हणाला, तर खूश होऊ नका. आपल्या कोरड्या हवेत कूलरचं पाणी भराभर उडतं, म्हणून गारवा येतो. तिथली हवाच ओली. कूलर लावला की खोलीची न्हाणी होते. एसी किंवा समोरासमोर खिडक्या आहेत का ते विचारा. वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर पंखे किती वेळ चालतात, मे महिन्यात विहिरीला पाणी असतं का, हेही. आणि स्वयंपाकघरात मासे शिजवू देतात का, हे आधीच स्पष्ट विचारा. आमच्या मालकीणबाईंनी मागच्या पडवीत वेगळी शेगडी दिली, तेव्हा सासूबाईंचा जीव भांड्यात पडला.

भरतीचं गणित मालकीणबाईंनीच शिकवलं. तिथीची पाऊणपट करायची. अष्टमी असेल तर आठाचे सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती आणि बाराच्या आसपास ओहोटी. पुनव-अवसेला उधाण. पाणी ओसरत असताना पोरांना आत सोडू नका, ओढ समुद्राकडे असते. समुद्रातल्या सुवर्णदुर्ग किल्ल्याला जायचं तर वेळ होडीवाल्यालाच ठरवू द्या.

प्रवास: विदर्भ एक्स्प्रेसने ठाणे, तिथून मांडवी एक्स्प्रेसने खेड, पुढे दापोलीवरून गाडी. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटर पूर्ण झालाय, पण तो भिवंडीजवळच संपतो. गाडीने जाणार असाल तर वाटेत एक मुक्काम कराच.

संध्याकाळी बंदरावर लिलाव असतो. तिथे टोपल्यांवर बोली लागते, आपण फक्त पाहायचं. बाजूला बसलेल्या बायकांकडून माशांचा वाटा घ्या आणि तिथेच साफ करून मागा. कल्ले लालभडक हवेत, रोहू घेताना पाहतो तसेच. सावजी मसाल्याची पुडी नेली असेल तर कोंबडीसाठी ठेवा. पापलेटाला हळद, मीठ, आगळ (कोकमाचा रस) पुरे. आमच्या ह्यांनी ऐकलं नाही. ताटात मासा आहे की मटण, हे शेवटपर्यंत कोणाला कळलं नाही.