कासवाची ‘जोडी’ घेताय? आधी शेपूट बघायला शिका

माझं दारव्हा तालुक्यात मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. तारेचा गेज मायक्रोमीटरनं तपासल्याशिवाय कॉइलला हात न लावणारा मी, 2017 च्या दिवाळीत नागपूरच्या एका दुकानात मात्र नुसत्या तोंडच्या बोलीवर फसलो. लेकीच्या हट्टापायी कासवाची दोन पिल्लं घेतली, दहा रुपयांच्या नाण्यापेक्षा जराशी मोठी. दुकानदार म्हणाला, “भाऊ, हा नर, ही मादी. जोडीचे दोनशे जास्त.” दिले.

सहा वर्षांनी एका सकाळी आईनं हाक मारली, “काय रे, तुह्या नरानं अंडे देल्ले!” टाकीच्या तळाशी पांढरी, लांबुळकी तीन अंडी. दुसरीही मादीच निघाली. नर नसला तरी मादी अंडी घालते, फक्त त्यातून पिल्लू निघत नाही.

तर जात आधी ओळखा. डोळ्यामागं लाल पट्टा असेल तर ते रेड-इअर्ड स्लायडर, मूळ अमेरिकेचं, तिथं फार्मवर अंडी उबवून वाढवतात. आपल्या तलावातलं मऊ पाठीचं कासव किंवा पाठीवर चांदण्या असलेलं कासव कुणी विकायला आणलं तर घेऊ नका. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 नुसार तो गुन्हा आहे, आणि ते फार्मवरचं नसतंच, कुठून तरी उचललेलं असतं. परदेशी जातीचंही पावतीशिवाय घेऊ नये. नोंदणीचं वनविभागाच्या कार्यालयात विचारून घ्या.

पिल्लू हातात घेऊन बघा. डोळे सताड उघडे हवेत, सुजलेले नकोत. नाकाशी फुगे येतात का, पाण्यात एका कुशीवर कलंडून पोहतं का? असेल तर न्यूमोनियाची शंका घ्या. मागचा पाय हलकेच ओढला की त्यानं जोरात आत घ्यायला पाहिजे. पोटावर पिवळ्या बलकाची गाठ अजून दिसत असेल तर ते फार कोवळं आहे, ठेवून द्या. तुमच्यासमोर खायला घालायला सांगा. आणि हात साबणानं धुवा, कासवाच्या अंगावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असतो. याच कारणानं अमेरिकेत 1975 पासून चार इंचांहून लहान कासव विकायला बंदी आहे.

आता नर की मादी. या वयात वरून कुणालाच सांगता येत नाही, मग ते कितीही वर्षांचं दुकान असो. गंमत अशी की हे बीजात ठरत नाही, उबवणीच्या उष्णतेत ठरतं. स्लायडरची अंडी साधारण 26 अंशांवर ठेवली तर बहुतेक नर, 31 वर ठेवली तर बहुतेक माद्या. म्हणून विकणाऱ्यानं स्वतः उबवली असतील तर विचारायचा खरा प्रश्न एवढाच: “अंडी किती डिग्रीवर ठेवली होती?” उत्तर आलं नाही तर जोडीचे जादा पैसे द्यायचे नाहीत.

खरा फरक पाठीची ढाल दहा सेंटिमीटरच्या आसपास पोचली की दिसायला लागतो, त्याला दोन-तीन वर्षं सहज जातात. मी मापायला व्हर्नियर, म्हणजे सरकत्या जबड्याची मोजपट्टी, लावतो. कासवाला गादीवर, जमिनीपासून फार वर न उचलता, क्षणभर उलटं धरा. नराची शेपूट बुडाशी जाड, लांब. तिच्यावरचं छिद्र पाठीच्या ढालीच्या कडेबाहेर येतं. मादीची शेपूट आखूड, छिद्र कडेच्या आतच. मग पुढच्या पायांची नखं बघा. नराची मादीच्या दुपटीपर्यंत लांब असतात, मादीच्या तोंडापुढं तीच फडफडवून तो लाडीगोडी करतो. माझ्या दोघींची नखं मांजराएवढीच राहिली, तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं. उलट अंगानं मादीच मोठी. मोठी झालेली मादी फुटाजवळ जाते, नर त्यापेक्षा बराच लहान राहतो.

ठेवण्याबद्दल थोडं. माझ्या दोघी जुन्या प्लास्टिक कूलरच्या टाकीत आहेत. ऊन हवं, पण ते काचेतून गाळलेलं चालत नाही. आणि आपल्याकडच्या मे महिन्यात अर्धी टाकी सावलीत नसेल तर दुपारपर्यंत पाणी चहाला चालेल एवढं तापतं. एक वीट पाण्याबाहेर ठेवा, वाळत बसायला. अंडी घालणारी असेल तर ओल्या मातीचं घमेलं लागतं.

शेजारचे काका म्हणतात, धरणात सोडून दे. नाही सोडणार. हे कासव बाहेरच्या पाण्यात आपल्या कासवांचं खाणं आणि जागा बळकावतं. पंधरा-वीस वर्षं आणखी जगतील. सध्या मोठी टाकी शोधतोय. एका गिऱ्हाईकाच्या कूलरची मोटार जळाली आहे, पण टाकी शाबूत आहे.