पॅकेज वेगळ्या डिरेक्टरीत इन्स्टॉल करायचं असेल तर

लिनक्सवर सॉफ्टवेअर नेहमीच्या जागेऐवजी स्लॅश ऑप्टमध्ये किंवा होम डिरेक्टरीत टाकायचं म्हटलं की बरेच जण प्रिफिक्स आणि डेस्टडिर यांच्यात गल्लत करतात. प्रिफिक्स म्हणजे प्रोग्राम शेवटी जिथे राहणार ती जागा, हा पाथ कंपाइल होतानाच बायनरीत, म्हणजे तयार झालेल्या चालणाऱ्या फाइलमध्ये, जाऊन बसतो, आणि डेस्टडिर म्हणजे पॅकेज बांधताना फाइल्स तात्पुरत्या जिथे कॉपी होतात ते फोल्डर, त्याचा मागमूसही पॅकेजमध्ये राहता कामा नये. म्हणून कॉन्फिगर करताना, म्हणजे बिल्डच्या आधी सेटिंग ठरवताना, प्रिफिक्स द्यायचा आणि डेस्टडिर फक्त मेक इन्स्टॉलच्या, म्हणजे तयार फाइल्स कॉपी करणाऱ्या कमांडच्या, वेळी द्यायचा.

मी एकदा बिल्डचं फोल्डरच प्रिफिक्स म्हणून दिलं होतं, माझ्या मशीनवर सगळं मस्त चाललं कारण ते फोल्डर तिथे होतंच, दुसऱ्या मशीनवर मात्र प्रोग्रामला स्वतःची कॉन्फिग फाइलच सापडेना. तेव्हापासून पॅकेज झालं की बिल्ड फोल्डरच्या नावाने सगळ्या फाइल्सवर ग्रेप (मजकूर शोधणारी कमांड) मारतो, कुठे सापडलं तर पॅकेज बाहेर जात नाही. स्क्रिप्टची पहिली ओळ आणि पीसी एक्स्टेन्शनच्या पॅकेज-कॉन्फिग फाइल्स (लायब्ररी कुठे आहे ते दुसऱ्या बिल्डला सांगणाऱ्या) आधी बघा, जास्त करून तिथेच सापडतं.

आता जागा इन्स्टॉल करणाऱ्यानेच ठरवायची असेल तर आरपीएममध्ये, म्हणजे रेड हॅट, फेडोरा वगैरे लिनक्सवर पॅकेज इन्स्टॉल करणाऱ्या टूलमध्ये, सोय आहे. पॅकेज कसं बांधायचं ते सांगणाऱ्या स्पेक फाइलमध्ये प्रिफिक्स टॅग लिहायचा, मग इन्स्टॉल करताना प्रिफिक्स ऑप्शनने नवी जागा देता येते, आणि रिलोकेट ऑप्शनने जुना पाथ बरोबर नवा पाथ असंही सांगता येतं. पॅकेजची माहिती क्वेरी केली की रिलोकेशन्सच्या ओळीत कळतं ते हलवता येतं की नाही. पण आरपीएम फक्त फाइल्स हलवतं, फाइलच्या आत लिहिलेले पाथ बदलत नाही! त्यामुळे पोस्ट-इन्स्टॉल स्क्रिप्टमध्ये पाथ हाताने लिहू नका, आरपीएम-इन्स्टॉल-प्रिफिक्स हे व्हेरिएबल वापरा, त्यात खरी जागा मिळते.

प्रोग्रामला चालताना लागणारी लायब्ररी (सामायिक कोडची फाइल) न सापडणं हे सगळ्यात जास्त छळतं. लायब्ररी कुठे शोधायची ते सांगणारं एलडी-लायब्ररी-पाथ हे व्हेरिएबल सेट करून काम भागतं पण तो प्रत्येक युझरला करावा लागतो आणि त्यातून सुरू होणाऱ्या बाकीच्या प्रोग्रामलाही लागू होतो, मला ते अजिबात पटत नाही. त्यापेक्षा लिंक करताना आर-पाथमध्ये, म्हणजे बायनरीतच लिहिलेल्या लायब्ररी शोधायच्या पाथमध्ये, डॉलर ओरिजिन द्या, म्हणजे लोडर (प्रोग्राम सुरू करताना लायब्ररी जोडणारा) बायनरी जिथे आहे तिथून लायब्ररी शोधतो, फोल्डर कुठेही न्या. मेकफाइलमध्ये (मेक कमांडच्या सूचनांच्या फाइलमध्ये) डॉलर दोनदा लिहायचा आणि भोवती सिंगल कोट टाकायचे, एकच लिहिला तर मेक डॉलर आणि ओ खाऊन टाकतं आणि आर-पाथमध्ये नुसतं ‘रिजिन’ उरतं, रीडएल्फने (बायनरीच्या आतली माहिती दाखवणाऱ्या टूलने) बघितल्याशिवाय लक्षातही येत नाही. बायनरी आधीच बनलेली असेल तर पॅचएल्फ या टूलने आर-पाथ बदलता येतो.

टेस्ट करताना बिल्ड फोल्डरचं नाव आधी बदला, मग वेगळ्या प्रिफिक्सवर इन्स्टॉल करून चालवा.