सुपरहिरो-विश्वातील स्वतंत्र स्पेशल कसे पाहावेत

मार्व्हलच्या चित्रपटविश्वात प्रवेश करू पाहणाऱ्या प्रेक्षकापुढे बहुधा एकच प्रश्न असतो: सुरुवात कोठून करावी आणि क्रम कोणता ठेवावा? चित्रपट आणि मालिका यांच्यासाठी या प्रश्नाचे उत्तर सहज मिळते. स्पेशलच्या बाबतीत मात्र ते उत्तर अपुरे पडते. स्पेशल म्हणजे एका बैठकीत संपणारी, पुढच्या भागाची वाट पाहायला न लावणारी आणि चित्रपटगृहाऐवजी थेट टीव्हीसाठी किंवा स्ट्रीमिंगसाठी केलेली स्वतंत्र कथा. तिला मालिकेचा लांबलेला भाग समजून पाहिले तर ती तोकडी वाटते आणि आखडलेला चित्रपट समजून पाहिले तर अपुरी वाटते. म्हणून प्रदर्शनाचा क्रम पाठ करण्याआधी प्रत्येक स्पेशल कोणत्या जातीचा आहे हे ओळखावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. काही स्पेशल खरोखरच एकटे उभे राहतात, काही दोन चित्रपटांमधील पुलाचे काम करतात आणि काही वरून स्वतंत्र दिसले तरी प्रत्यक्षात नव्या मालिकेची चाचपणी असतात. या तीन जातींची पूर्वतयारी वेगवेगळी असते.

पहिल्या जातीचे उत्तम उदाहरण म्हणजे ‘वेअरवुल्फ बाय नाइट’. तो 7 ऑक्टोबर 2022 रोजी डिस्ने प्लस या स्ट्रीमिंग सेवेवर आला आणि मार्व्हल स्टुडिओजने ‘स्पेशल प्रेझेंटेशन’ या नावाखाली सादर केलेली ती पहिली कथा ठरली. त्याआधी आलेला एकही चित्रपट पाहिलेला नसला तरी चालते. आरंभीच्या निवेदनात मार्व्हलच्या नायकांचा गट असलेल्या अ‍ॅव्हेंजर्सचा ओझरता उल्लेख येतो, तेवढ्यावर त्या विश्वाशी असलेले नाते संपते. युलिसिस ब्लडस्टोन हा राक्षसांचा विख्यात शिकारी मरण पावला आहे, त्याच्या ताब्यातील सामर्थ्यवान लाल रत्न कोणाकडे जावे हे ठरवण्यासाठी शिकारी एकत्र जमले आहेत आणि त्यांच्यात जॅक रसेल नावाचा एक माणूस आपले गुपित लपवून वावरतो आहे, एवढे कळले की कथा आपोआप उलगडत जाते. युलिसिसची दुरावलेली मुलगी एल्सा हीही त्या रत्नावर हक्क सांगायला आलेली असते. जॅकच्या भूमिकेत गायेल गार्सिया बर्नाल आहे, तर एल्साच्या भूमिकेत लॉरा डॉनेली.

इथे तयारी करायची ती मार्व्हलची नव्हे, तर जुन्या भयपटांची. दिग्दर्शक मायकेल जियाकिनो हे मूळचे संगीतकार. मार्व्हल स्टुडिओजच्या चित्रपटांच्या सुरुवातीला वाजणारी परिचित धून त्यांचीच आणि या स्पेशलचे संगीतही त्यांचेच. त्यांनी 1930 आणि 1940 च्या दशकांतील हॉलिवूड भयपटांचा बाज घेऊन ही कथा कृष्णधवल चित्रणात मांडली. त्या काळचा एखादा भयपट आदल्या दिवशी पाहिला असेल तर इथली प्रकाशयोजना, लांब पडणाऱ्या सावल्या, नाट्यमय संगीत आणि रीळ बदलण्याची खूण म्हणून पडद्याच्या कोपऱ्यात क्षणभर उमटणारा ठिपका हे सर्व अर्थपूर्ण वाटू लागते. अन्यथा ती केवळ सजावट वाटते. जॅकचे रूपांतर होते तो प्रसंग विशेष लक्ष देऊन पाहावा. कॅमेरा बहुतांश वेळ एल्साच्या भेदरलेल्या चेहऱ्यावर स्थिरावतो आणि रूपांतर आपल्याला तिच्या मागच्या भिंतीवरील सावलीतून कळते. भय दाखवण्यापेक्षा ते दुसऱ्याच्या चेहऱ्यावर वाचायला लावणे ही जुन्या भयपटांची खरी ताकद होती आणि ती इथे पूर्णपणे उतरली आहे. त्यामुळे हा स्पेशल खोलीत अंधार करून, मध्ये न थांबता पाहावा. त्याची लांबी तासाभरापेक्षा कमी आहे, तेव्हा ही अट जड नाही.

या स्पेशलची रंगीत आवृत्ती 20 ऑक्टोबर 2023 रोजी प्रदर्शित झाली. प्रथम कोणती पाहावी, असे विचारले तर माझे उत्तर निःसंशयपणे कृष्णधवल हेच आहे. मूळ आवृत्तीत रंग जवळजवळ केवळ त्या लाल रत्नापुरता राखून ठेवलेला आहे आणि शेवटी सारे जग रंगीत होते, तेव्हा त्या बदलाला कथेतील सुटकेचा अर्थ प्राप्त होतो. रंगीत आवृत्ती आधी पाहिली तर हा परिणाम कायमचा हातून निसटतो. दुसऱ्यांदा पाहताना मात्र रंगीत आवृत्ती जरूर निवडावी, कारण वेशभूषा आणि मॅन-थिंग या दलदलीतल्या प्राण्याचे बारकावे तिच्यात अधिक स्पष्ट दिसतात. कॉमिक्सकडे वळायचे असेल तर एक संदर्भ उपयोगी पडेल: अमेरिकी कॉमिक्सवर बंधने घालणाऱ्या संहितेत 1971 मध्ये बदल झाला आणि व्हॅम्पायर व वेअरवुल्फ यांना पुन्हा परवानगी मिळाली, लगोलग 1972 मध्ये मार्व्हलने वेअरवुल्फची व्यक्तिरेखा वाचकांसमोर आणली.

दुसऱ्या जातीत ‘द गार्डियन्स ऑफ द गॅलक्सी हॉलिडे स्पेशल’ मोडतो. तो 25 नोव्हेंबर 2022 रोजी आला, त्याचे लेखन व दिग्दर्शन जेम्स गन यांचे असून मार्व्हल आपल्या चित्रपट-मालिकांचे जे टप्पे पाडते त्यांतील चौथ्या टप्प्याची समाप्ती त्याने झाली. कथा पाऊण तासाच्या आसपास आटोपते. गार्डियन्स हा अवकाशात भटकणारा नायकांचा गट आणि पीटर क्विल त्याचा म्होरक्या. प्रेयसी गमोरा गमावल्यामुळे खिन्न झालेल्या पीटरला नाताळची भेट म्हणून गटातील ड्रॅक्स आणि मँटिस हे दोघे पृथ्वीवर जाऊन त्याचा बालपणीचा नायक, अभिनेता केविन बेकन, याला उचलून आणायचे ठरवतात. बेकनने स्वतःचीच भूमिका केली आहे. हे सर्व हसत-खेळत पाहता येते, परंतु विनोदाच्या खाली असलेला जिव्हाळा समजण्यासाठी 2014 चा पहिला चित्रपट आणि 2017 चा दुसरा चित्रपट आधी पाहिलेले असणे आवश्यक आहे. पहिल्या चित्रपटात पीटर बेकनची महती गमोराला एखाद्या दंतकथेसारखी सांगतो. दुसऱ्यात योंडू या अवकाशातील लुटारूने पीटरला वाढवले त्या नात्याचा उलगडा होतो आणि पीटरचा जन्मदाता इगो कोण हे कळते. गमोराचे काय झाले हे जाणून घेण्यासाठी 2018 व 2019 चे अ‍ॅव्हेंजर्स चित्रपटही लागतात. एवढा वेळ नसल्यास किमान गार्डियन्सचे पहिले दोन चित्रपट तरी पाहावेत. अ‍ॅव्हेंजर्समधील घटना एखाद्या जाणकाराकडून ऐकून घेतल्या तरी निभावते.

या स्पेशलचे चित्रीकरण तिसऱ्या गार्डियन्स चित्रपटाच्या चित्रीकरणासोबतच झाले आणि तो चित्रपट 5 मे 2023 रोजी आला. स्पेशलमध्ये मँटिस ही पीटरची सावत्र बहीण असल्याचे उघड होते, नोव्हेअर ही वसाहत गार्डियन्सच्या ताब्यात आल्याचे कळते आणि बोलणारी कुत्री कॉस्मो त्यांच्यात सामील झालेली दिसते. तिसरा चित्रपट या गोष्टी प्रेक्षकाला ठाऊक आहेत असे धरून चालतो. म्हणून हा स्पेशल त्या चित्रपटाच्या आधीच पाहावा. नाताळ येईपर्यंत थांबण्याचा मोह आवरावा. योंडू आणि लहानग्या पीटरचे प्रसंग यात अ‍ॅनिमेशनमधून येतात. ते वेगळ्या शैलीत असल्यामुळे गौण वाटण्याची शक्यता असते, पण माझ्या मते या कथेचा प्राण तेथेच आहे. श्रेयनामावली सुरू होताच स्पेशल बंद करू नये, कारण तिच्यानंतर आणखी एक छोटा प्रसंग ठेवलेला आहे.

तिसरी जात जुन्या टीव्हीवर आढळते. तिच्याकडे वळताना, स्पेशल हा प्रकार स्ट्रीमिंगने जन्माला घातलेला नाही, हे लक्षात ठेवावे. जानेवारी 1979 मध्ये अमेरिकेच्या एनबीसी वाहिनीवर डीसी या मार्व्हलच्या प्रतिस्पर्धी कॉमिक्स-प्रकाशकाच्या नायकांचे दोन स्पेशल दाखवले गेले आणि त्यांत अ‍ॅडम वेस्ट व बर्ट वॉर्ड पुन्हा बॅटमन व रॉबिन म्हणून अवतरले. ते केवळ इतिहासाची जिज्ञासा असणाऱ्यांनी पाहावेत. कथा म्हणून त्यांत फारसे हाती लागत नाही.

हल्कचे तीन टीव्ही-चित्रपट मात्र अवश्य पाहण्याजोगे आहेत. हल्क म्हणजे डॉ. बॅनर हा शास्त्रज्ञ संतापला की त्याचे होणारे महाकाय रूप. बिल बिक्स्बी आणि लू फेरिग्नो यांची ‘द इन्क्रेडिबल हल्क’ मालिका सीबीएसवर 1982 मध्ये बंद झाली आणि तिची कथा एनबीसीवर 1988, 1989 व 1990 या वर्षांत एकेका चित्रपटाद्वारे पुढे नेण्यात आली. पहिल्यात थॉर येतो, दुसऱ्यात डेअरडेव्हिल. त्या दोघांच्या स्वतंत्र मालिका काढता येतील का हे जोखण्याचा हेतू त्यामागे होता, पण त्या मालिका झाल्या नाहीत. हे ठाऊक असले की पाहुण्या नायकाला इतका वेळ का दिला गेला याचा उलगडा होतो आणि हल्क मध्येच बाजूला पडल्याचे वैषम्य वाटत नाही. मालिकेचा 1977 चा आरंभीचा चित्रपट पाहिल्यावर थेट या तिघांकडे वळता येते, कारण डॉ. बॅनरची मूळ व्यथा त्यात पुरेशी येते. क्रम मात्र प्रदर्शनाचाच ठेवावा. दुसरा आणि तिसरा चित्रपट बिक्स्बी यांनी स्वतः दिग्दर्शित केला आहे आणि तिसऱ्याच्या नावातच हल्कच्या मृत्यूचा उल्लेख असल्यामुळे तो कधीही आधी पाहू नये. त्यानंतरही कथा चालू ठेवण्याचा विचार होता, परंतु तो प्रत्यक्षात आला नाही आणि 1993 मध्ये बिक्स्बी यांचे निधन झाले.