मॅच प्लेचे नियम : काय बोलायचं आणि कधी बोलायचं

गोल्फच्या स्ट्रोक प्लेमध्ये (सगळ्या फेरीचे एकूण फटके मोजण्याच्या पद्धतीत) एका खेळाडूला मिळालेली सवलत म्हणजे बाकी सगळ्या स्पर्धकांचं नुकसान, म्हणून तिथे कोणी कोणाला काही सोडू शकत नाही. मॅच प्लेमध्ये दोन बाजू होलगणिक एकमेकांशी लढतात, मामला दोघांचाच असतो. त्यामुळे पट देणं (ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीवर, समोरच्याचा ढकलायचा फटका न मारताच गेला असं मानणं), समोरच्याचा फटका रद्द करणं, त्याची चूक सोडून देणं हे सगळे अधिकार खेळाडूंच्याच हाती येतात. ते वापरायचे तर स्पष्ट बोलावं लागतं आणि वेळेत बोलावं लागतं. क्लबच्या नॉकआउट स्पर्धांतले बहुतेक वाद यातलं एक काहीतरी राहून गेल्यामुळे होतात. एरवी स्टेबलफर्ड (होलगणिक गुण मोजण्याची पद्धत) किंवा स्ट्रोक प्ले खेळणाऱ्याने मॅच प्लेला उतरताना स्विंगपेक्षा आधी हे नियम पक्के करावेत.

गुणांचा हिशोब

प्रत्येक होल, म्हणजे टी या सुरुवातीच्या जागेपासून ग्रीनवरच्या खड्ड्यापर्यंतचा टप्पा, ही स्वतंत्र लढत असते. तुम्ही ४ फटक्यांत आणि समोरच्याने ९ फटक्यांत होल संपवलं, तरी तुमच्या खात्यात एकच होल जमा होतं. म्हणून एखाद्या होलवर तीन चेंडू पाण्यात गेले तरी घाबरायचं कारण नाही, पुढच्या टीवर नवा डाव. सात होल्सनंतर तुम्ही तीन जिंकली, एक हरलात आणि तीन बरोबरीत सुटली असतील तर तुम्ही ‘२ अप’ आणि तो ‘२ डाऊन’. दोघं सारखे असतील तर ‘ऑल स्क्वेअर’.

उरलेल्या होल्सपेक्षा आघाडी मोठी झाली की सामना तिथेच संपतो. सोळाव्या होलनंतर कोणी ३ अप असेल तर उरली दोनच, म्हणून निकाल ‘३ आणि २’. अठराव्यावर संपलेल्या सामन्याचा निकाल ‘१ अप’ किंवा ‘२ अप’ असा लिहितात. आघाडी आणि उरलेली होल्स सारखी झाली की पुढे असलेला खेळाडू ‘डॉर्मी’ होतो. नियमित होल्समध्ये तो आता हरू शकत नाही.

एखादं होल बरोबरीत धरायचं असं दोघं ठरवू शकतात, पण त्या होलवर किमान एकाने पहिला फटका मारल्यानंतरच. ‘पाऊस येतोय, सतरावं हाफ धरू आणि अठराव्याकडे जाऊ’ असं टीवर फटका न मारताच ठरवलं आणि नियम ठाऊक असूनही ठरवलं, तर दोघंही बाद. प्रत्येक होल संपलं की ग्रीनवरून निघतानाच सामन्याची स्थिती मोठ्याने सांगावी. चुकीची स्थिती दोघांनी मान्य केली आणि पुढच्या टीवर कोणीही फटका मारला, तर तीच स्थिती खरी धरली जाते.

पहिल्या टीवर

वेळेवर पोहोचा. पाच मिनिटांपर्यंत उशीर झाला तर पहिलं होल गेलं, त्याहून जास्त झाला तर सामनाच गेला. स्ट्रोक प्लेच्या उलट, सामन्याच्या दिवशी फेरीपूर्वी त्याच कोर्सवर सराव करायला मॅच प्लेमध्ये परवानगी आहे. स्पर्धेच्या समितीने वेगळं ठरवलं नसेल तर तिचा फायदा घ्या.

मग हँडिकॅप, म्हणजे खेळाडूच्या कौशल्यानुसार मिळणारी फटक्यांची सवलत. दोघांनी आपापला कोर्स हँडिकॅप एकमेकांना सांगायचा. एकेरी सामन्यात साधारणपणे पूर्ण फरक दिला जातो. तुमचा १२ आणि समोरच्याचा १९ असेल तर त्याला सात फटके मिळतात, आणि ते स्ट्रोक इंडेक्स (कोणत्या होलवर आधी फटका द्यायचा याचा स्कोअरकार्डावरचा क्रमांक) १ ते ७ असलेल्या होल्सवरच, प्रत्येकी एक. इंडेक्स ४ च्या होलवर तुम्ही ५ आणि त्याने ६ केले तर होल बरोबरीत. तेच आकडे इंडेक्स ९ च्या होलवर आले तर होल तुमचं. फरक २२ चा असेल तर प्रत्येक होलवर एक आणि इंडेक्स १ ते ४ वर दोन.

इथे चुकीचा आकडा सांगणं महागात पडतं. खऱ्यापेक्षा जास्त हँडिकॅप सांगितला, त्यामुळे मिळणारे फटके बदलले आणि समोरच्याने पुढचा फटका मारण्याआधी चूक सुधारली नाही, तर खेळाडू बाद होतो. कमी सांगितला तर दंड नाही, पण त्याच कमी आकड्यावर खेळावं लागतं. कोणत्या होलवर फटका मिळतो हे लक्षात ठेवणं ज्याचं त्याचं काम. विसरलात, दोघांनी होलचा निकाल मान्य केला आणि पुढच्या टीवरून फटका गेला, की तो फटका परत मिळत नाही. स्कोअरकार्डावर त्या होल्ससमोर आधीच ठिपके काढून ठेवा.

पिशवीतल्या काठ्याही इथेच मोजा. चौदाहून जास्त काठ्या घेऊन सुरुवात केली तर ज्या ज्या होलवर ती चूक झाली त्या प्रत्येकासाठी एक, पण जास्तीत जास्त दोन होल्स तुमच्या स्थितीतून वजा होतात. तीन होल्सनंतर १ अप असताना पंधरावी काठी सापडली तर तुम्ही थेट १ डाऊन.

कोणी आधी खेळायचं

पहिल्या टीवर ड्रॉनुसार, किंवा ड्रॉ नसेल तर नाणेफेकीने. पुढे जो होल जिंकतो त्याच्याकडे ‘ऑनर’. बरोबरी झाली तर ऑनर आधी होता त्याच्याकडेच राहतो. टीनंतर होलपासून लांब असलेला आधी खेळतो.

स्ट्रोक प्लेमध्ये क्रम मोडला तरी सहसा काही होत नाही. मॅच प्लेमध्ये मात्र समोरच्याला तो फटका रद्द करून पुन्हा मारायला लावता येतो. दंड नसतो, पण छान बसलेला फटका पुसला जातो. हा अधिकार लगेच वापरायचा असतो आणि दोघांपैकी कोणीही आणखी एक फटका मारण्यापूर्वी. एकदा रद्द केला की तो निर्णय मागे घेता येत नाही. २००० साली स्कॉटलंडमधल्या लॉक लोमंड इथे झालेल्या सोलहाइम कपमध्ये (युरोप आणि अमेरिकेच्या महिला संघांची स्पर्धा) युरोपच्या आनिका सोरेनस्टॅमने ग्रीनबाहेरून चिप (छोटा उचललेला फटका) थेट होलमध्ये घातली. पण पाळी तिची नव्हती. अमेरिकन जोडीने फटका रद्द करायला लावला आणि दुसऱ्या वेळी तो गेला नाही. त्यावरून नाराजी खूप झाली, तरी नियमाने अमेरिकन जोडी बरोबर होती.

म्हणून शंका असली की अंतर पावलांनी मोजा आणि विचारा, ‘तू आधी की मी?’ वेळ वाचवायला ‘तू मार’ असं तुम्हीच सांगितलंत, तर तो फटका रद्द करायचा तुमचा हक्क संपतो. टीच्या खुणांच्या बाहेरून फटका गेला तरी हाच नियम: समोरचा रद्द करू शकतो किंवा चालू देऊ शकतो. चेंडू जंगलात गेला असेल तर तो अर्थातच चालू देईल.

पट देणं

मॅच प्लेची खरी ओळख इथे आहे आणि गोंधळही इथेच सर्वाधिक. समोरच्याचा पुढचा फटका, संपूर्ण होल किंवा सामना देऊन टाकता येतो. पट दिला की तो फटका मोजून त्याचं होल पूर्ण झालं. दिलेला पट परत घेता येत नाही आणि घेणाऱ्याला नाकारताही येत नाही. पट मिळाल्यावर त्याने सहज मारला आणि चुकला, तरी तो गेलाच असं धरतात. त्यामुळे चेंडू उचलून घेणं उत्तम.

द्यायचा तर मोठ्याने ‘दिला’ म्हणा, किंवा चेंडू उचलून त्याच्या हातात द्या. मान हलवणं, पाठ फिरवून चालू लागणं, ‘छान’ म्हणणं यांतून वाद जन्मतात. तुमच्या बोलण्याचा अर्थ ‘पट दिला’ असा घेणं वाजवी होतं आणि म्हणून समोरच्याने चेंडू उचलला, तर त्याला दंड नाही; चेंडू परत ठेवून खेळायचं. पण तुम्ही काहीच बोलला नसाल तर हे संरक्षण त्याला मिळत नाही. २०१५ च्या सोलहाइम कपमध्ये जर्मनीतल्या सेंट लेऑन-रोट इथे, फोरबॉल (दोन-दोनांच्या जोड्यांच्या) सामन्याच्या सतराव्या होलवर अमेरिकेच्या अ‍ॅलिसन लीने दीड फुटाचा पट दिला आहे असं समजून चेंडू उचलला. युरोपच्या सुझान पीटरसनने तो दिलाच नव्हता, आणि अमेरिकेने ते होल गमावलं. पीटरसनने नंतर जाहीर माफी मागितली. घेणाऱ्यासाठी नियम सोपा आहे: ऐकू आलं नाही तर विचारायचं, ‘दिला का?’ उत्तर येईपर्यंत चेंडूला हात नाही.

उलट बाजूची चूक २०१९ साली ऑस्टिनच्या मॅच प्ले स्पर्धेत दिसली. सर्जिओ गार्सियाचा पट चुकला, चेंडू होलपासून काही इंचांवर थांबला आणि चिडून त्याने तो लगेच उलट्या हाताने ढकलला. तोही चुकला. मॅट कुचरने तोवर पट दिलेला नव्हता. त्याची द्यायची इच्छा असेलही, पण फटका मारून झाल्यावर तोच फटका देता येत नाही. घाई नको.

समोरच्याचा चेंडू होलच्या कडेवर लटकत असेल तर देण्याच्या भरात तोही लगेच उचलू नका. खेळाडूला होलपर्यंत चालत जायला लागेल तेवढा वेळ आणि त्यावर दहा सेकंद थांबण्याचा हक्क आहे. तेवढ्यात समोरच्याने मुद्दाम चेंडू उचलला तर तो आधीच्याच फटक्यात होलमध्ये गेला असं धरतात. २०२१ च्या सोलहाइम कपमध्ये टोलेडोच्या इन्व्हर्नेस क्लबवर युरोपच्या मॅडलीन सॅगस्ट्रॉमने अमेरिकेच्या नेली कोर्डाचा चेंडू असाच लवकर उचलला आणि ते होल अमेरिकेला मिळालं.

कोणता पट द्यायचा हा मनाचा प्रश्न आहे, नियमाचा नाही. १९६९ च्या रायडर कपमध्ये (तेव्हा अमेरिका विरुद्ध ग्रेट ब्रिटन) रॉयल बर्कडेलवर जॅक निकलसने शेवटच्या होलवर टोनी जॅकलिनला सुमारे दोन फुटांचा पट दिला आणि संपूर्ण स्पर्धा १६-१६ अशी बरोबरीत सुटली. दुसऱ्या टोकाला, २०१५ च्या प्रेसिडेंट्स कपमध्ये (अमेरिका विरुद्ध युरोपबाहेरच्या देशांचा संघ) दक्षिण कोरियात, पुण्यात जन्मलेल्या अनिर्बान लाहिरीपुढे अठराव्या ग्रीनवर सुमारे चार फुटांचा पट होता. त्याआधी अमेरिकेच्या ख्रिस कर्कने सुमारे पंधरा फुटांचा घातला होता. लाहिरीचा चुकला, सामना १ अपने गेला आणि कप १५½-१४½ असा अमेरिकेकडे. चार फुटांचा पट मिळेल अशी अपेक्षा कोणीच धरू नये. सुरुवातीला छोटे पट देऊन शेवटी अचानक तोच पट मारायला लावणं नियमात बसतं. आपल्यावर तशी वेळ येईल हे गृहीत धरून एक-दोन छोटे पट मिळाले तरी सरावासाठी मनात नीट पूर्ण करत राहा. कॅडीला (खेळाडूच्या काठ्या वाहणाऱ्या मदतनिसाला) मात्र पट, होल किंवा सामना देण्याचा अधिकार नाही.

फटक्यांची संख्या आणि दंड

समोरच्याने ‘किती झाले?’ असं विचारलं तर खरा आकडा सांगायलाच हवा, कारण त्यावर तो पुढचा फटका धाडसाचा मारायचा की जपून हे ठरवतो. चुकीचा सांगितला आणि त्याने पुढचा फटका मारण्याआधी सुधारला नाही, तर होल गेलं. तुम्हाला दंड झाला असेल तर न विचारता, शक्य तितक्या लवकर सांगायचं. झाडीत पलीकडे चेंडू हलला आणि तो तुमच्यामुळे हलला, तर तिथूनच हाक मारा. ‘मला दंड माहीतच नव्हता’ ही सबब चालत नाही.

स्ट्रोक प्लेमध्ये जिथे दोन फटक्यांचा दंड असतो तिथे इथे साधारणपणे होल जातं: दुसऱ्याचा चेंडू मारणं, समोरच्याला ‘कोणती काठी घेतलीस?’ असं विचारणं. दोघांनी एकमेकांचे चेंडू मारले तर ज्याने आधी मारला त्याचं होल जातं. आधी कोण ते कळत नसेल तर दंड नाही, अदलाबदल झालेल्या चेंडूंनीच होल पूर्ण करायचं. एका बाबतीत मॅच प्ले उदार आहे: ग्रीनवरून मारलेला पट ग्रीनवरच थांबलेल्या समोरच्याच्या चेंडूला लागला तर दंड नाही. लागलेला चेंडू जागेवर परत ठेवायचा, तुमचा जिथे थांबला तिथून खेळायचा.

वाद झाला तर

समोरच्याने बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात) चेंडूमागची वाळू काठीने टेकली हे तुम्ही पाहिलंत, तर गप्प राहून सोडून देण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. पण दोघांनी मिळून ‘दंड आहे खरा, पण सोडू’ असं ठरवलं तर दोघंही बाद. हा फरक नीट समजून घ्या.

नियमावरून मतभेद झाला तर स्ट्रोक प्लेसारखे दोन चेंडू खेळता येत नाहीत. पंच जवळ नसेल तर दोघांनी प्रामाणिकपणे एक तोडगा मान्य करावा. तो नंतर नियमाने चुकीचा ठरला तरी निकाल टिकतो. एकमत झालं नाही, तर ‘मी यावर समितीचा निर्णय मागणार आहे’ असं त्याच ठिकाणी, कोणत्या घटनेबद्दल ते स्पष्ट करून सांगा आणि खेळ पुढे न्या. पुढच्या टीवर कोणीही फटका मारण्याआधी हे सांगितलं नाही, तर क्लबहाउसमध्ये जाऊन तक्रार करून सहसा उपयोग होत नाही. शेवटच्या होलवर हे निकाल अंतिम होण्यापूर्वी सांगावं लागतं.

अठरा होल्सनंतर बरोबरी असेल तर नॉकआउटमध्ये एकेक होल पुढे खेळत जायचं, आणि त्या जादा होल्सवरही स्ट्रोक इंडेक्सप्रमाणे हँडिकॅपचे फटके मिळतात. संघांच्या स्पर्धांत बऱ्याचदा अर्धा-अर्धा गुण वाटून सामना संपतो. कोणती पद्धत आहे ते स्पर्धेच्या अटींत वाचून ठेवा.

जोड्यांच्या फोरबॉल सामन्यात जोडीतल्या दोघांपैकी चांगला आकडा धरतात, आणि एकाला दिलेला पट दुसऱ्याला लागू होत नाही. तुमचा पट दिलेला असताना तुम्ही तो तरीही मारला आणि त्यामुळे साथीदाराला ग्रीनचा उतार कळायला मदत झाली, तर त्या होलवर साथीदाराचा आकडा धरला जात नाही. मग जोडीकडे उरतो तो फक्त तुमचा, दिलेल्या पटासह मोजलेला आकडा.