बोट नांगरली, तरी सरकते? या चुका टाळा

मराठवाड्यात शिडाच्या बोटीचा विषय काढला की समोरचा आधी हसतो. समुद्र नाही, खाडी नाही, नांगर कशाला लागतो? पण नाथसागर, म्हणजे पैठणजवळचा जायकवाडी धरणाचा जलाशय, भरला की सुमारे ५५ किलोमीटर लांब आणि रुंद भागात २७ किलोमीटरपर्यंत पसरतो. एवढ्या उघड्या आणि उथळ पाण्यावर वारा सुटला की आखूड, उभ्या लाटा एकामागून एक येतात आणि नाळेला, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला, बांधलेल्या दोराला हिसके देत राहतात. वीस-पंचवीस फुटी बोट इथे चालवायला शिकायची आणि मग कोकणातल्या दाभोळ-जयगडच्या खाड्यांकडे न्यायची, असा बेत असेल तर नांगराच्या सवयी इथेच लावून घ्याव्या लागतात. तलावात खपून गेलेली वाईट सवय खाडीत खपत नाही.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. नाथसागर हे पक्षी अभयारण्य आहे. वन विभाग आणि पाटबंधारे विभाग यांच्या परवानगीशिवाय तिथे बोट घालू नका, आणि धरणाच्या दरवाज्यांच्या आसपास तर नांगर टाकायचा विचारही नको.

"जड नांगर घेतला की काम झालं"

सगळ्या चुकांची आई हीच. नांगर वजनाने धरत नाही. त्याचं पातं तळात रुततं, आणि रुतलेलं राहतं ते दोराच्या ओढीच्या दिशेमुळे. ओढ तळाशी जवळजवळ समांतर असेल तर वारा वाढेल तसं पातं आणखी खोल जातं. ओढ वरच्या दिशेने आली की तोच नांगर अलगद उपटतो. नांगर काढताना आपण हेच करतो ना? बोट बरोबर नांगराच्या डोक्यावर आणायची आणि दोर सरळ वर खेचायचा. दोर कमी सोडणारा माणूस दिवसभर नकळत नांगर उचलतच असतो. मग तो दहा किलोचा असो की वीस.

आपल्याकडे यातून एक खास प्रकार निघतो. विहिरीत पडलेली बादली काढायला आकड्यांचा गळ असतो, तसाच मोठा गळ फॅब्रिकेशनवाल्याकडून सळया वाकवून, वेल्डिंग करून घ्यायचा. दिसायला भक्कम, उचलायला जड, आणि काळ्या गाळात जवळपास निरुपयोगी. बारीक आकडे गाळातून फणीसारखे फिरतात. धरायला त्यांना रुंद पातंच नसतं. खडकाळ तळावर गळ चांगला अडकतो, हे खरं. पण मग तो निघतही नाही.

गाळ आणि वाळू या दोन्हींसाठी दोन रुंद, चपट्या पात्यांचा डॅनफोर्थ पद्धतीचा नांगर उत्तम. हलका असतो, घडी होऊन सपाट बसतो आणि वजनाच्या मानाने पकड जबरदस्त देतो. त्याचा दोष एकच, पण मोठा: वाऱ्याने दिशा बदलली आणि तो उपटला, की पुन्हा रुतेलच याची खात्री नाही. पात्यांमध्ये दगड किंवा झुडपाची फांदी अडकली तर तो तळावरून नुसता घसरत जातो.

फाळाच्या आकाराचा सीक्यूआर नांगर जी. आय. टेलर या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९३३च्या सुमारास काढला, तोही मुळात पाण्यावर उतरणाऱ्या विमानांसाठी. अनेक वर्षं जगभरच्या शिडाच्या बोटींवर तोच दिसायचा. आता त्याहून चांगले पर्याय आहेत. खोलगट, टोकदार पात्याचे आणि मागे कमान असलेले रोक्ना पद्धतीचे नांगर तळावर कसेही पडले तरी कमानीमुळे सरळ होतात, आणि वारा फिरला तर बहुतेक वेळा स्वतःच पुन्हा रुततात. तलाव आणि समुद्र दोन्हीकडे जायचं असेल आणि एकच नांगर घ्यायचा असेल, तर मी याच जातीचा घ्यायला सांगेन. वीस-पंचवीस फुटी बोटीला ६ ते १० किलो पुरे. डॅनफोर्थ दुसरा म्हणून ठेवा. आणि दुसरा हवाच.

दोराचा हिशोब अर्धाच करणं

"पाणी चार मीटर आहे, दहा मीटर दोर सोडला, भरपूर झाला." हे वाक्य ऐकलं की पुढे काय होणार ते कळतं.

हिशोब असा करा. पाण्याची खोली घ्या, त्यात पाण्यापासून नाळेपर्यंतची उंची मिळवा, मग गुणा. पाणी चार मीटर, नाळ एक मीटर, म्हणजे पाच. साखळी आणि दोर मिळून या पाचाच्या सातपट सोडायची, म्हणजे ३५ मीटर. दोर ताठ झाल्यावर सातपटीला तो तळाशी साधारण ८ अंशांचा कोन करतो, पाचपटीला साडेअकरा, तिपटीला साडेएकोणीस. जेवणापुरतं थांबायचं, वारा मंद आणि बोटीवर माणसं जागी, तर तिप्पट चालते. रात्र काढायची तर नाही.

कोकणात गेल्यावर यात भरती मिसळते, आणि तलावावर तयार झालेला माणूस नेमका इथेच फसतो. समजा ओहोटीला दोन मीटर पाण्यात थांबलात. नाळेची उंची धरून तीन, सातपट म्हणजे २१ मीटर, झालं समाधान. सहा तासांत उधाणाच्या भरतीने पाणी तीन मीटर चढलं. आता उंची सहा मीटर आणि दोर तेवढाच, म्हणजे साडेतीनपट. वारा वाढलेला नाही, दोर तुटलेला नाही, तरी बोट चालू लागते. हिशोब कायम भरतीच्या पाण्यावर करायचा; इथे ४२ मीटर लागतील. आणि दोर वाढवला की ओहोटीला बोट मोठ्या वर्तुळात फिरणार, तेव्हा शेजारची बोट आणि काठ यांच्यापासून तेवढं अंतर आधीच ठेवा. शेजाऱ्याने किती दोर सोडलाय ते सरळ हाक मारून विचारावं. यात कमीपणा काही नाही.

तलावात भरती-ओहोटी नाही, पण पाणी स्थिरही नसतं. रब्बीचं आवर्तन सुटलं की पातळी हळूहळू उतरते, आणि नाथसागराचा काठ इतका सपाट आहे की थोडी पातळी उतरली तरी पाणी लांबवर मागे सरतं. आठवडाभर बोट नांगरून गावाला गेलात तर परत येईपर्यंत ती चिखलात कलंडलेली सापडू शकते.

बाजारातला पिवळा दोर

शेतीच्या दुकानात मिळणारा पिवळा-निळा प्लास्टिकचा दोर स्वस्त आहे, हलका आहे, आणि नांगरासाठी चुकीचा आहे. तो पाण्यावर तरंगतो, त्यामुळे वारा पडला की बोटीभोवती पसरतो आणि आपल्याच इंजिनाच्या पंख्यात जातो. ताणाखाली फारसा लांबत नाही, म्हणून प्रत्येक लाटेचा हिसका थेट नांगराला बसतो. आपल्या उन्हात तर त्याचे तंतू काही महिन्यांत कुसळांसारखे हाताला टोचू लागतात.

नायलॉनचा दोर घ्या, १० किंवा १२ मिलिमीटरचा. तो बुडतो आणि हिसका बसला की लांबून तो पचवतो. नांगराकडच्या टोकाला निदान बोटीच्या लांबीएवढी साखळी हवी, ६ किंवा ८ मिलिमीटरची, जस्ताचा मुलामा दिलेली. साखळी ओढ खाली ठेवते आणि दगडावर घासली तरी कापली जात नाही. जोराच्या वाऱ्यात तीही ताठ होते, म्हणून साखळी लावली की दोर कमी सोडायचा, ही पळवाट नाही.

नांगर आणि साखळी जोडणाऱ्या कडीची, म्हणजे शॅकलची, पिन तारेने बांधून टाका. हलून हलून ती सुटते. दोराला दर पाच मीटरवर रंगीत दोऱ्याची खूण करा, नाहीतर अंधारात किती सोडला ते कळणार नाही. नाळेवर दोर जिथे घासतो तिथे जुन्या पाइपचा तुकडा चढवा. आणि दोराचं शेवटचं टोक बोटीला बांधलंय का, हे नांगर टाकायच्या आधी बघा. अख्खा दोर सर्रकन पाण्यात जाताना पाहणं करमणुकीचं असतं, दुसऱ्याच्या बोटीवरून.

फेकला आणि चहा टाकला

नांगर फेकायचा नसतो, सोडायचा असतो. फेकला की साखळी त्याच्यावरच ढिगाने पडते आणि पात्याभोवती गुंडाळते. वेटोळ्यात पाय अडकण्याचा धोका वेगळाच.

बोट वाऱ्याच्या तोंडाला आणा आणि पूर्ण थांबू द्या. ती मागे सरकायला लागली की नांगर हाताने खाली सोडा. तळाला टेकल्याचं हाताला कळतं. मग बोट मागे जाईल तसा दोर देत राहा. निम्मा-अधिक दोर गेला की क्लीटवर (दोर बांधायच्या खुंटीवर) एक वेढा देऊन हलका ताण द्या, पुन्हा सोडा. पूर्ण लांबीला पक्कं बांधा आणि इंजिन उलटं, आधी हळू, मग निम्म्या जोराने, मिनिटभर चालवा. इंजिन नसेल तर मोठं शीड हाताने वाऱ्यावर बाहेर ढकला. बोट मागे रेटली जाते.

हे चालू असताना तळहात ताठ दोरावर ठेवा. नांगर रुतला असेल तर दोर नुसता ताणतो. घसरत असेल तर थरथर आणि मधूनमधून ठोके जाणवतात, जणू खाली कोणी दोर खरवडतंय. ही खूण मला मोबाइलवरच्या नांगर-अलार्मपेक्षा जास्त भरवशाची वाटते. अलार्म लावाच, पण रात्री फोनची बॅटरी संपते. काठावरच्या दोन वस्तू एका रेषेत धरा, विजेचा खांब आणि मागचं देवळाचं शिखर, असं काहीही. रेष मोडली आणि पुन्हा जुळली तर बोट नुसती झुलतेय. मोडलेली रेष वाढतच गेली तर नांगर सुटलाय.

सुटलाच तर पहिलं काम दोर वाढवणं. पुष्कळदा तेवढ्यावर भागतं. नाही भागलं तर पूर्ण वर काढा आणि बघा काय घेऊन आलाय. पात्यावर चिकट काळा गाळ असेल तर तळ चांगला आहे, टाकण्यात चूक झाली. पातं स्वच्छ आणि चरे पडलेलं असेल तर खाली मुरूम किंवा खडक आहे, जागा बदला. शेवाळाचा गोळा आला तर तो पूर्ण सोडवल्याशिवाय पुन्हा टाकू नका.

तळ न बघता थांबणं

समुद्रावर फिरणाऱ्यांना नसलेली एक सोय आपल्याला आहे, आणि आपण ती वापरत नाही. आपला तळ उन्हाळ्यात चालत जाऊन बघता येतो. २०१६च्या उन्हाळ्यात तर जायकवाडी मृतसाठ्यात गेलं होतं. पण साध्या वर्षातही मे महिन्यात काठाचा मोठा पट्टा उघडा पडतो, आणि त्यावर शेतकऱ्यांची गाळपेर, म्हणजे उघड्या गाळातली पेरणी, दिसते.

गाळपेर जिथे होते तिथे खाली गाळ आहे, हे वेगळं सांगायला नको. पाणी चढल्यावर नांगरासाठी तीच जागा पहिली. जिथे शेतकऱ्याने पेरायचा विचारही केला नाही, मुरूम वर आलाय, काळा पाषाण उघडा आहे, ती जागा सोडा. फोन घेऊन फिरा आणि जुन्या विहिरींचे कठडे, बाभळीची खोडं, पडक्या भिंती, वाकलेले खांब, सगळ्यांच्या जागा नकाशावर टाकून ठेवा. गाळपेर करणाऱ्यांशी आणि मासेमारी करणाऱ्यांशी बोला. "इथं विहीर हाय, तिकडं जाळं फाटतं," एवढं एक वाक्य कुठल्याही यंत्रापेक्षा उपयोगी. जाळी कुठे लागतात तेही तिथेच कळतं, आणि कोणाच्या जाळ्यात नांगर टाकायची वेळ येत नाही.

पाणी असताना जुनी युक्ती: चपट्या बुडाचं किलोभर लोखंड दोरीला बांधा, बुडाला ग्रीस फासा, तळाला टेकवून वर घ्या. खोली दोरीवर मोजता येते, आणि ग्रीसला गाळ, वाळू, खडे जे असेल ते चिकटून येतं. काहीच चिकटलं नाही तर खाली खडक.

वळवाच्या आभाळाकडे पाठ

एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर ढग चढतात, वारा पडतो, आणि मग ढगाच्या बाजूने एकदम झोत येतो. दिवसभर ज्या दिशेने वारा होता तिच्या नेमका उलटा असू शकतो. बोट गर्रकन फिरते आणि नांगरावर मागून ओढ येते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की ओढ चौपट होते, हे लक्षात ठेवून थांबायची जागा निवडा. सकाळच्या वाऱ्याला आडोसा देणारा काठ संध्याकाळी तोंडावर येतो. मातीच्या धरणाच्या दगडी पिचिंगजवळ (उतारावरच्या दगडी अस्तराजवळ) नांगरलेली बोट सुटली तर ती त्या दगडांवरच जाणार. ढग दिसू लागले की दोर वाढवा, दुसरा नांगर तयार ठेवा. वीज चमकायला लागण्याआधी मात्र पाण्याबाहेर पडलेलं बरं, डोलकाठीखाली बसून राहण्यात शहाणपण नाही.

कितीही घाई असली तरी नांगर बोटीच्या मागच्या टोकाला बांधू नका. तिथे बोट बुटकी आणि रुंद असते; लाट चढून थेट आत येते.

अडकला तर

बुडालेल्या खोडांचं आणि विहिरींचं पाणी असेल तर नांगर टाकतानाच त्याच्या पात्याकडच्या टोकाला एक वेगळा पातळ दोर बांधा. दोर पाण्याच्या खोलीपेक्षा थोडा लांब, वरच्या टोकाला पाच लिटरचा रिकामा, झाकण घट्ट लावलेला कॅन. अडकला की हा दोर ओढा. नांगर उलट्या बाजूने निघतो.

तो बांधला नसेल तर बोट नांगराच्या डोक्यावर न्या, दोर आखडून क्लीटला बांधा आणि माणसं मागे सरकवा, नाळ उचलली जाऊन ओढ मिळते. तरी नाही निघाला तर दोर थोडा सोडा आणि ज्या दिशेने रुतवला त्याच्या उलट दिशेने इंजिनावर हळू ओढा, मग अर्ध्या वर्तुळात फिरून पुन्हा. पाण्यात उतरून सोडवायला जाऊ नका. गढुळात हात दिसत नाही, आणि जुनी तुटकी जाळी खाली कुठे पसरलीत ते कोणाला माहीत नसतं. शेवटी दोर कापावा लागला तर कापण्याआधी त्याला कॅन बांधा आणि फोनवर जागा टिपून ठेवा. मे महिन्यात पाणी खाली गेलं की चालत जाऊन घेऊन येता येईल.