घोडामैदान जवळ आलं

रेड डेड रिडेम्प्शन 2 या काऊबॉयच्या व्हिडिओ गेमची घोषणा झाली ऑक्टोबर 2016 मध्ये. तेव्हा आमच्या सोलापूरच्या टोळक्यातला सगळ्यात धाकटा बारावीत होता, आता तो इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षात आहे आणि डोक्यावर दोन केट्या, म्हणजे राहिलेले विषय, आहेत. आधी सांगितलं 2017 मध्ये येईल, मग म्हणाले 2018 च्या वसंतात, आणि यंदा, 2018 च्या फेब्रुवारीत, पुन्हा पुढं ढकलून 26 ऑक्टोबर ठरला. दोनदा तारीख पुढं गेलेल्या लग्नात वऱ्हाडी रुसवेफुगवे विसरून नुसतं ‘एकदाचं लागू द्या’ म्हणतात ना, तशी आमची गत झालीय. हा गेम येतोय तो शुक्रवारी. घट बसलेत, पुढं दसरा, मग कोजागिरी आणि लगेच हा. आमच्यातले तिघं दरवर्षी कोजागिरीला तुळजापूरला चालत जातात. पंचेचाळीस किलोमीटर चालल्यावर दोन दिवस पाय वर करून बसायचंच असतं, त्यामुळं ही तारीख आईनंच काढून दिलीय असं त्यांचं ठाम मत आहे.

एकेकाच्या मागं लागून सांगण्यापेक्षा काय काय करून ठेवायचं ते एकदाच लिहितो. नंतर ‘मला कुणी बोललंच नाही बे’ चालणार नाही.

पहिली गोष्ट जागा. कन्सोलमधली, म्हणजे टीव्हीला जोडायच्या पीएस4 या गेमच्या यंत्रातली. या गेमबरोबर जो पीएस4 प्रो विकायला येतोय त्याच्या खोक्यावर किमान 105 जीबी लागतील असं छापलंय. आपल्यातल्या बहुतेकांकडं 500 जीबीवालं यंत्र आहे, त्यात प्रत्यक्ष हाताशी चारशेच्या आसपासच येतात, आणि तेही दोन वर्षांपूर्वीचा फुटबॉल, तिसऱ्या मिशनला सोडलेले गेम आणि फुकट मिळाला म्हणून उतरवलेला कचरा यांनी भरलेत. घरात दिवाळीची साफसफाई निघेलच, त्याच दिवशी हेही काढा. गेम उडवला तरी सेव्ह, म्हणजे कुठवर खेळलो त्याची नोंद, वेगळं राहतं, ते जात नाही, तेव्हा उगाच जीव अडकवू नका. आणि मोजून 105 मोकळे ठेवून थांबू नका. अपडेट आलं की पीएस4 फाइलींची नक्कल करत बसतो आणि त्याला वरची जागा लागते. दीडशे ठेवा. ज्यांच्याकडं यूएसबी 3.0 ची बाहेरची हार्ड डिस्क आहे त्यांनी ती जोडून टाका, 2017 च्या मार्चपासून पीएस4 ला ती चालते.

डिस्क की डाउनलोड, यावर आपल्यात दोन तट आहेत. मी डिस्कवाला. डाउनलोडवाल्यांसाठी हिशेब असा: दहा एमबीपीएसची लाइन खरोखर दहानं चालली, तर 105 जीबीला साधारण चोवीस तास लागतात. आगाऊ उतरवून ठेवायची सोय 19 तारखेपासून, म्हणजे दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसापासून आहे, त्यामुळं आठवडा हाताशी आहे. पण आपल्यातल्या एका महाभागाचा बेत आहे मोबाइलच्या रोजच्या दीड जीबीवर उतरवायचा. त्याला मी कागदावर मांडून दाखवलं. सत्तर दिवस लागतात. 19 ऑक्टोबरला सुरू केलं तर डिसेंबर संपत येईल, होम मैदानावर गड्ड्याच्या जत्रेचे पाळणे उभे राहायला लागतील, आणि हा अजून टक्केवारी बघत बसलेला असेल.

डिस्कवाल्यांनी एवढंच करा, की नव्या पेठेतल्या आपल्या नेहमीच्या दुकानात आगाऊ पैसे देऊन नाव लिहून ठेवा. घरपोच मागवायच्या भानगडीत मी पुन्हा पडणार नाही. गेल्या वेळी माझं पार्सल पुण्यात पाच दिवस मुक्कामाला होतं आणि मी रोज सकाळी दात घासायच्या आधी त्याची खुशाली विचारत होतो. डिस्क दोन आहेत. एक घालून सगळा माल आत उतरवायचा, दुसरी खेळताना आत ठेवायची. उतरवायलाच बराच वेळ जाईल, तेव्हा खोकं फोडल्या फोडल्या खेळायला मिळेल या आशेवर ऑफिसातून अर्धी सुट्टी काढू नका. पूर्ण काढा.

आता वीज. यावर जरा जास्त बोलतो, कारण मागच्या उन्हाळ्यात याच कारणानं एकाची हार्ड डिस्क गेली. यंदा ऑक्टोबर हीट आहेच, वरून भारनियमन परत सुरू झालंय. इन्स्टॉल चालू असताना वीज गेली की पहिल्यापासून सुरुवात करायची तयारी ठेवा. म्हणून त्या दिवशी खेळायचं ते इन्व्हर्टर असलेल्या घरात, म्हणजे अशोक चौकातल्या आपल्या चादरवाल्याकडं. इन्व्हर्टरवर यूपीएस मोडचं बटण असतं, ते चालू आहे का ते आधी बघा. नाहीतर वीज गेल्यावर पंखा फिरत राहतो, पण मधल्या अर्ध्या सेकंदात पीएस4 बंद पडलेला असतो. 150 एएचची बॅटरी कागदावर 1800 वॅट-तास देते. बॅटरी चार वर्षं जुनी, इन्व्हर्टर स्वतःही थोडं खातो, म्हणजे हातात हजार-अकराशे धरा. कन्सोल सव्वाशे वॅट, चाळीस इंची टीव्ही साठ-सत्तर, पंखा पंचाहत्तर. चार तास निघतात. फ्रिज त्या लाइनवर असेल तर निघत नाहीत, आणि फ्रिज काढायची परवानगी काकूंकडून कुणी मागायची हे अजून ठरायचंय. माझं नाव घेऊ नका, आमचं आधीच एकदा झालंय.

त्याच घराचा दुसरा प्रश्न कापूस. खाली टॉवेलचे माग चालतात, आणि त्या कापसाचे बारीक तंतू जिना चढून वर येतात. गेल्या दिवाळीत आम्ही त्याचा पीएस4 उघडला तर पंख्यावर अक्षरशः निरांजनाच्या वाती वळता येतील एवढा कापूस निघाला. सोलापुरी चादरीला 2005 पासून जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, आहे, कन्सोलमधल्या कापसाला नाही. तेव्हा दसऱ्याला यंत्रांची पूजा करताना याचंही खोकं उघडा, मऊ ब्रशनं आणि ब्लोअरनं साफ करा. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा, ते भिंगरीसारखं फिरू देऊ नका.

पहिला भाग खेळलाच पाहिजे का, असं चौघांनी विचारलं. नाही. तो 2010 चा, त्यातली गोष्ट 1911 मधली, जॉन मार्स्टनची. नवा भाग त्याच्या मागं जातो, 1899 मध्ये, डच वॅन डर लिंडच्या टोळीत, आणि आपण असणार आर्थर मॉर्गन. म्हणजे नवा आधी आणि जुना नंतर असंही चालेल. पण ज्याला हौस आहे त्याच्यासाठी सांगतो, आत्ता 2018 मध्ये तरी तो पीएस4 वर चालत नाही. एक्सबॉक्स वनवर जुनी डिस्क चालते, नाहीतर कुणाचा तरी पीएस3 माळ्यावरून खाली काढा. पीसीवाल्यांनी वाट बघायची. 2018 च्या या ऑक्टोबरपर्यंत त्यांच्यासाठी घोषणाच झालेली नाही, आणि पहिला भागही या आठ वर्षांत पीसीवर आलेला नाही. चिडू नका, आमच्याकडं या, येताना दूध आणा. ऑनलाइनसुद्धा नोव्हेंबरात, तेही बीटा, म्हणजे चाचणीपुरतं, त्यामुळं पीएस प्लसचे, म्हणजे ऑनलाइन खेळायच्या वर्गणीचे, पैसे आत्ताच भरू नका. गोष्ट खेळायला ते लागत नाही.

आता मला खरं म्हणजे जे सांगायचंय ते. दोन महिने पबजी खेळून तुम्हा सगळ्यांच्या बोटांना घाईची सवय लागलीय. वरून उडी मारायची, बंदूक शोधायची, पंचवीस मिनिटांत मरायचं. इथं तसं नाही. जे दाखवलंय त्यावरून दाढी वाढते, बंदूक साफ करावी लागते, तळावरच्या लोकांसाठी शिकार आणावी लागते आणि घोड्याशी ओळख वाढवावी लागते. त्याला खाऊ घालायचं, थोपटायचं, अंग घासायचं. इंग्रजीत याला जे म्हणायचं ते म्हणोत, आपल्याकडं याला खरारा म्हणतात, आणि घोड्याच्या खुराकाला चंदी. माझ्या आजोबांचे थोरले भाऊ सोलापूर स्टेशनवर टांगा हाकायचे. ते सांगायचे, घोड्याच्या मागून मुकाट्यानं जायचं नाही, बाजूनं आवाज देत जायचं, म्हणजे लाथ बसत नाही. गेममध्ये हे चालेल का बघू. पण खोगीर, रिकीब, लगाम, नाल, अबलख, दुडकी हे शब्द आपल्या पोरांना परत ऐकायला मिळाले, तर ती जादाची कमाई.

म्हणून एक काम यादीत घातलंय, ज्याला निम्म्यांनी नाकं मुरडली. एका रविवारी पहाटे पाचला गाड्या काढून नान्नजला जायचं. गावापासून वीस किलोमीटर. माळढोकाचं अभयारण्य म्हणून 1979 मध्ये जाहीर झालेला तो माळ. माळढोक दिसणार नाही हे गृहीत धरा, तो आता दिसण्याइतका उरलेला नाही. काळवीट दिसतील, नशीब असेल तर खोकड, फारच असेल तर लांडगा. यंदा पावसानं दगा दिला, गवत लवकर पिवळं पडलंय, आणि सूर्य वर येताना तो माळ जसा दिसतो तसा ट्रेलरमधलाही दिसत नाही. त्या गेममध्ये सुमारे 200 जातींचे प्राणी-पक्षी आहेत म्हणे. आधी आपले चार बघून या, मग तिकडं आपसूक हळू चालाल. आणि पाडव्याला अकलूजचा घोडेबाजार भरतो, तिथंही जायचंय. तोवर गेम दोन आठवडे खेळून झालेला असेल आणि प्रत्येकाला आपण घोड्यातले जाणकार आहोत असं वाटत असेल. तिथल्या माणसांसमोर तोंड उघडू नका, एवढीच विनंती.

थोडा इतिहास डोक्यात असला तर गोष्टीची मजा वाढते. अमेरिकेत दोन्ही किनाऱ्यांकडून आलेली रेल्वे 1869 मध्ये जोडली गेली. 1874 मध्ये काटेरी तारेचं पेटंट निघालं आणि मोकळ्या कुरणांना कुंपणं पडायला लागली. 1890 च्या जनगणनेनं तर सांगूनच टाकलं, की वस्ती आणि रान यांच्यामधली सरहद्द आता उरलेली नाही. गेम घडतो 1899 मध्ये, म्हणजे मोकळ्या रानाचा तो जमाना संपल्यावर. टोळीला तेवढं कळायचं राहिलंय. आपल्याकडं बघा, सोलापुरात रेल्वे आली 1860 मध्ये, त्यांची जोडली जायच्या नऊ वर्षं आधी. पहिली मिल 1877 ची. आणि आर्थर मॉर्गन आगगाडी लुटायला निघतो त्याच्या दोनच वर्षं आधी, 1897 मध्ये, कुर्डुवाडी ते बार्शी अडीच फुटी रुळांवरची छोटी गाडी धावायला लागली होती. ती कुणी लुटल्याचं मी ऐकलेलं नाही.

काटेरी तारेवरून आठवलं. आपल्या गावात सेटलमेंट नावाचा भाग आहे. 1871 च्या कायद्यानं काही जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या आणि पुढं त्यातली माणसं इथं तारेच्या कुंपणात ठेवली, रोज हजेरी घेतली. 31 ऑगस्ट 1952 ला तो शिक्का कायद्यानं पुसला. आमच्यातल्या एकाची आजी त्या कुंपणात जन्मली. तो या गेमसाठी आमच्यापेक्षा वेडा आहे. पण ‘आउटलॉ’ला मराठीत काय म्हणायचं यावर टिंगल चालली होती आणि कुणीतरी एका जमातीचं नाव घेतलं, तेव्हा तो एवढंच म्हणाला, ‘दुसरा शब्द बघा की.’ आम्ही आता फरारी म्हणतो. सगळ्यांनी तसंच म्हणायचं.

राहिलेलं पटापट. सबटायटल पहिल्यापासून चालू ठेवायची, 1899 च्या काऊबॉयचं इंग्रजी आपल्या डोक्यावरून जाणार आहे. कंट्रोलर दोन, दोन्ही चार्ज केलेले. पाळी एकेका मिशनची, मेला तरी पाळी तीच, पण नुसतं मासे धरत बसला तर अर्ध्या तासानं कंट्रोलर काढून घेतला जाईल. पुढची गोष्ट कुणी मोबाइलवर वाचून आला आणि तोंड फाटकं ठेवलं, तर त्याच्या पैशानं सगळ्यांना शीक कबाब. गेम अठरा वर्षांवरच्यांचा आहे, धाकट्या भावंडांना आणू नका. ‘तो नुसता बघेल’ हे मागच्या वेळी ऐकलंय, तो नुसता बघत नव्हता. युनिव्हर्सिटीच्या परीक्षा ज्यांच्या आहेत त्यांनी वेळापत्रक चादरवाल्याच्या दारावर चिकटवायचं, पेपरच्या आदल्या रात्री आत घेतलं जाणार नाही.

खाण्याची जबाबदारी वाटून दिलीय. कडक भाकऱ्यांची चवड, शेंगाचटणी, दही आणि कांदा. चुरचुरीत, हात फारसे बरबटत नाहीत, कंट्रोलर तेलकट होत नाही, आणि टोळीच्या तळावर तरी याहून वेगळं काय खात असतील. फरसाण आणायचं नाही, त्याचा चुरा कंट्रोलरच्या बटणांच्या फटीत शिरतो. चहा काकू एकदाच करणार, पुढचा आपापला.

गुरुवारी रात्री नऊला सगळे अशोक चौकात. आणि माझी एचडीएमआय केबल गणपतीत आरास करताना ज्यानं नेली, त्यानं ती येताना घेऊन यावी. मला नाव माहीत आहे.