आधी उलटी करून बघा: रूकवुडची जुनी फुलदाणी पारखून कशी घ्यावी

माठ घेताना आपण काय करतो? उचलतो, टिचकी मारतो, कान देतो. खणखणीत वाजला तर पैसे काढायचे, बद्द वाजला तर मुकाट्याने खाली ठेवायचा. ओहायोत राहायला आल्यावर मला जुन्या अमेरिकन कलाभांड्यांचा नाद लागला. आईची ही माठ घ्यायची पद्धत इथेही निम्मं काम करते. उरलेलं निम्मं भांड्याच्या तळाशी लिहिलेलं असतं.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये विल्यम मॉरिस आणि त्यांच्यासारख्या मंडळींनी कारखान्यातल्या एकसाची मालाविरुद्ध हातकामाची बाजू लावून धरली. तीच आर्ट्स अँड क्राफ्ट्स चळवळ. अमेरिकेत हे वारं पोहोचलं आणि मातीकामात चांगलंच रुजलं.

आधी एक घराणं धरा

सगळीकडचं थोडं थोडं जमवायला गेलात तर पैसे जातात आणि नजर काही तयार होत नाही. बॉस्टनच्या ग्रूबी पॉटरीचा काकडीच्या सालीसारखा मंद हिरवा ग्लेझ, म्हणजे भांड्यावरचा काचेसारखा लेप, एकदा पाहिला की विसरत नाही. न्यू ऑर्लिन्सच्या न्यूकम कॉलेजात मुलींनी रंगवलेल्या निळसर फुलदाण्या, त्यावरचे शेवाळ लोंबणारे ओक आणि मागचा चंद्र तर मला फार आवडतो, पण किंमत ऐकून हात मागे येतो. नवशिक्याने सिनसिनाटीच्या रूकवुडपासून सुरुवात करावी असं मी सांगते. मराया लाँगवर्थ निकल्स या बाईंनी १८८० मध्ये ही पॉटरी सुरू केली, आणि १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनात तिला सुवर्णपदक मिळालं. माल भरपूर झाला, त्यामुळे आजही मिळतो. आणि तो आपली जन्मतारीख सोबत घेऊन येतो.

मग हात लावून बघा

सिनसिनाटी आर्ट म्युझियममध्ये रूकवुडचा मोठा संग्रह आहे. तिथे डोळा तयार होतो, पण काचेआडची वस्तू हाताला काही शिकवत नाही. त्यासाठी लिलावाआधीच्या प्रिव्ह्यूला जा. तिथे वस्तू हातात घेऊ देतात, विकत घ्यायची सक्ती नसते. अंगठ्या, घड्याळ काढून ठेवा. भांडं काठाला धरून उचलू नका, एक हात पोटाला आणि एक तळाखाली असू द्या.

आता तळ वाचा

इथे घाई नको. तळाच्या मातीत दाबलेलं चिन्ह दिसेल: उलटा ‘आर’ आणि त्याच्या पाठीला पाठ लावलेला ‘पी’. हे चिन्ह १८८६ मध्ये आलं. पुढच्या वर्षापासून दरवर्षी त्याच्याभोवती एकेक ज्योत वाढत गेली. ज्योती मोजा आणि १८८६ मध्ये मिळवा. अकरा ज्योती असतील तर फुलदाणी १८९७ ची. १९०० पर्यंत चौदा झाल्या. १९०१ पासून चौदा ज्योती तशाच ठेवून खाली रोमन अंक घालायला लागले. रोमन बारा म्हणजे १९१२. मी भिंग घेऊन दोनदा मोजते, कारण ग्लेझ साचला की दोन ज्योती एकच वाटतात.

शेजारी घाटाचा क्रमांक असतो, आणि बरेचदा त्यापुढे एक अक्षर. एकच घाट वेगवेगळ्या मापांत करत, त्यात ‘ए’ सगळ्यात मोठा. नंतर चित्रकाराची सही शोधा. ती बहुधा मातीत कोरलेली असते. १८८७ मध्ये रूकवुडला आलेले कातारो शिरायामादानी जपानी लिपीत सही करत. सहीच नसेल तर बहुधा तो साच्यातून काढलेला, वर चित्रकाम नसलेला माल असतो. चिन्ह तेच, तारीख तशीच, पण किंमत बरीच कमी हवी. तो वाईट असतो असं नाही, माझ्याकडेही दोन आहेत. फक्त ‘हाताने रंगवलेली’ म्हणून कोणी गळ्यात मारत असेल तर हसून पुढे जा.

तळावर चाकाने घासलेली फुली दिसली तर समजा की भट्टीतून निघाल्यावर कंपनीनेच तिला दुय्यम ठरवलं होतं. कधी दोष डोळ्याला दिसतही नाही. फुली चालेल, फुलीवाल्या वस्तूला पूर्ण दाम देऊ नका.

नकली मालाची एक गंमत आहे. माती भाजताना आकसते. त्यामुळे अस्सल वस्तूवरून साचा काढून केलेली नक्कल मूळ मापापेक्षा लहान भरते, आणि तळाचं चिन्ह बोथट उमटतं. म्हणून पिशवीत मोजपट्टी ठेवा, आणि जुन्या लिलावांच्या नोंदींत त्या क्रमांकाची उंची काय दिली आहे ते पाहून ठेवा.

तळाला कापड चिकटवलं असेल तर

माझी पहिली फुलदाणी मी एका जुन्या वस्तूंच्या दुकानातून घेतली. तपकिरी ग्लेझ, पिवळी फुलं. तळाला हिरवं फेल्ट नीट चिकटवलेलं होतं. टेबलावर ओरखडा पडू नये म्हणून किती काळजी घेतलीय, असं मनात आलं आणि मी बरीच खूश झाले. घरी कोमट पाण्याने फेल्ट सोडवलं तर मधोमध बोटाएवढं भोक, प्लॅस्टरने बुजवलेलं. कोणीतरी तिचा दिवा केला होता आणि वायर तळातून काढली होती. निम्म्या ज्योती आणि घाटाचा क्रमांक त्या भोकात गेला. हा प्रकार इकडे सर्रास आहे. फेल्ट दिसलं की विचारा, सोडवू देत नसतील तर घेऊ नका.

दोष शोधा, पण सगळ्याच दोषांना घाबरू नका

ग्लेझमधलं बारीक जाळं म्हणजे तडा नव्हे. माती आणि ग्लेझ सारखे आकसले-फुगले नाहीत की ते पडतं, आणि जुन्या रूकवुडवर ते नेहमीचंच. तडा मात्र मातीतून आरपार जातो. दुकानदाराला विचारून भांडं तळहातावर ठेवा आणि नखाने टिचकी मारा. बद्द वाजलं तर काठावर केसाएवढी चीर शोधा. काठावरून बोटाचं टोक फिरवा. ग्लेझ काचेसारखा गार लागतो, डागडुजी केलेली जागा किंचित कोमट आणि मऊ लागते. अंधारात अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मारली तर बरीच डागडुजी वेगळी चमकते. नव्या पद्धतीची काही तिलाही चकवते, तेव्हा बोटावर जास्त विश्वास ठेवा.

किमतीचं थोडक्यात. तपकिरी ग्लेझवर फुलं असलेल्या छोट्या फुलदाण्या परवडतात. १९०४ पासून आलेल्या धूसर, मखमली व्हेलम ग्लेझवरची निसर्गचित्रं महाग पडतात. लिलावात हातोडा पडला ती शेवटची किंमत नसते, वर बरेचदा २० ते २५ टक्के कमिशन आणि पाठवणीचा खर्च येतो. आकडा घरी ठरवून, कागदावर लिहून जा.

तुम्ही मुंबईत असाल तर

हे सगळं वाचून अमेरिकेचं तिकीट काढू नका. भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात बॉम्बे स्कूल ऑफ आर्टची भांडी बघा. आजच्या जे. जे. मध्ये जॉर्ज टेरी यांच्या देखरेखीखाली १८७० च्या दशकात हे काम रूपाला आलं. सिंधी कुंभारांची पद्धत आणि अजिंठ्याच्या चित्रांवरून घेतलेले आकार त्यात एकत्र आले. असं भांडं विकत मिळालं तर आधी कायदा बघा. १९७२ च्या पुरातन वस्तूंच्या कायद्याखाली शंभर वर्षांपुढची कलावस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही, मुलाकडे न्यू जर्सीला जाताना बॅगेतूनसुद्धा नाही.

घरी आणल्यावर

कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ सुती फडकं. जाळं पडलेलं भांडं भिजत घालू नका, मळ आत शिरतो आणि निघत नाही. जुन्या ग्लेझमध्ये शिसं असू शकतं, म्हणून त्यात खाण्याचं काही ठेवायचं नाही. तळाचा फोटो, माप, किंमत आणि विकत घेतल्याची तारीख एका वहीत लिहा, विम्याला तीच वही लागते. आणि फुलदाणीत पाणी घालू नका. माझ्या भोकवालीत मोरपिसं आहेत, तिच्यात पाणी घालायचा प्रश्नच येत नाही.